नववर्षाचा ‘संकल्प’, ‘नवस’ की ‘नेम’?

बोरू: आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) जानेवारीच्या पत्रकाला मथळा हवा आहे. आलेला मजकूर ‘आध्यात्मिक ध्येये निश्चित करा’ असा आहे. ‘ध्येये’ वाचलं की कंपनीचा वार्षिक आढावा डोळ्यांपुढे येतो. ‘संकल्प’ लिहिलं तर वडीलमंडळी म्हणतात, हा पूजेतला शब्द. ‘नवस’ चालेल का?

मोडीवाचक: नवस नको. नवसाला बहुधा अट असते, शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही. उत्पत्ती २८ मध्ये याकोब म्हणतो, देवाने सांभाळलं, अन्नवस्त्र दिलं, सुखरूप घरी आणलं, तर दशमांश देईन. शिवाय नवस फेडावाच लागतो. करून न फेडण्यापेक्षा मुळीच न केलेला बरा, असं उपदेशक ५ मध्ये स्पष्ट आहे. ‘रोज पहाटे ५ ला उठेन’ याला नवस म्हटलं आणि ९ जानेवारीला डोळा लागला, तर तो नुसता आळस राहत नाही, देवाचं देणं होऊन बसतो. नवसापायी स्वतःची मुलगी गमावणाऱ्या इफ्ताहाचं काय झालं ते शास्ते ११ मध्ये आहेच.

‘संकल्पा’वरचा आक्षेप अर्धाच खरा. हातात पाणी घेऊन, तिथी-गोत्र उच्चारून सोडायचा तो संकल्प, हे बरोबर. पण मराठी बायबलला हा शब्द वर्ज्य नाही. रोमकरांस ८:२८ मध्ये ‘त्याच्या संकल्पाप्रमाणे बोलावलेल्यांना’ असं आहे. तिथे संकल्प देवाचा आणि माणूस बोलावलेला, खटकायचंच तर ते यासाठी खटकावं. माणसाच्या बाजूने ‘निश्चय’ शोभतो. दानिएल १ मध्ये तो मनात निश्चय करतो: राजाचं मिष्टान्न नको, द्राक्षारस नको. आणि कारभाऱ्याला काय सांगतो? दहा दिवस शाकान्न आणि पाणी देऊन बघ. मुदत, प्रमाण, तपासणी, सगळं त्यात आलं.

पुदिना: संकल्प जानेवारीत सोडायचा, फेब्रुवारीत त्यावर पाणी सोडायचं. भाषेनेच सोय करून ठेवली आहे.

दुसरी_घंटा: मथळ्यात ‘नेम’ घ्या. नेम म्हणजे नियम, रोजचा परिपाठ. आणि नेम म्हणजे निशाणावर धरतो तोही. ध्येय नुसतं ठरवून गप्प बसता येतं, नेम पाळावा लागतो. ‘नेम चुकला’ म्हटलं की दोन्ही अर्थ लागतात. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द येतो, ‘हमार्तिया’, त्याच्या मुळाशीही निशाण चुकणंच आहे.

पत्रकात नमुना द्यायचा तर नेमाला क्रियापद, आकडा आणि वेळ हवी. ‘प्रार्थनेत वाढेन’ हा नेम नव्हे. ‘चहा ठेवण्याआधी १५ मिनिटं, एक स्तोत्र, तीन जणांसाठी नावं घेऊन मध्यस्थी’ हा नेम.

वाचनाचा हिशेब नेहमी चुकतो, म्हणून तो नीट मांडा. प्रॉटेस्टंट बायबलचे अध्याय १,१८९. सोमवार ते शनिवार रोज ३, रविवारी ५ धरले की आठवड्याला २३. वर्षात सगळं होऊन थोडे दिवस हातात उरतात. या वेगाने उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात संपतात आणि समोर पुढचं पुस्तक, लेवीय, उभं राहतं. बहुतेकांचा नेम इथेच मोडतो: कथा थांबते, होमार्पण-शांत्यर्पणाचे विधी सुरू होतात. तीन दिवस चुकले की ९ अध्याय थकतात, आणि थकबाकी फेडायच्या धास्तीने पुस्तक उघडलंच जात नाही. थकबाकी सोडून द्या, आजच्या तारखेचं वाचा. नवख्यांना नवा करारच द्या: २६० अध्याय, ५२ आठवडे, आठवड्याला बरोबर ५. शनिवार-रविवार भरपाईला मोकळे.

बोरू: मग ‘करार’? मेथडिस्ट मंडळ्यांत वर्षारंभी देवाशी केलेला करार नव्याने करायची, कराराची उपासना असते ना?

मोडीवाचक: असते, पण तो वेगळा शब्द, वेगळं काम. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने ती १७५५ मध्ये लंडनला घेतली, तीही ऑगस्टात. नववर्षाशी ती पुढे जोडली गेली. करार दोन पक्षांत होतो आणि इथे मंडळी मिळून करते. नेम एकट्याचाही असतो. भाडेकराराने शब्द जरा कचेरीतला करून टाकला आहे, त्याला इलाज नाही.

एकट्याच्या निश्चयाचं उदाहरण हवं तर अमेरिकेतला धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌स. १७२२-२३ मध्ये, विशीच्या आत, त्याने ७० निश्चय लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे असं ठरवलं. सुरुवातीलाच कबुली आहे की देवाच्या साहाय्याशिवाय यातलं काहीच जमणार नाही. सत्तरची नक्कल करू नका, तीन पुरेत. साप्ताहिक वाचन तेवढं उचला.

पुदिना: ‘वचन’ही जपून वापरा. ‘वर्षाचं वचन मिळालं’ म्हणजे चिठ्ठीवरची बायबलमधली ओवी. देवाने दिलेला शब्द म्हणजे ‘अभिवचन’. आणि आपण द्यायचं तेही वचनच. एकाच पानावर तिन्ही आले तर कोण कोणाला काय देतंय ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

बोरू: ठरलं. मथळा ‘नव्या वर्षाचा नेम’, खाली तीन रिकाम्या ओळी आणि ५२ चौकटी.

दुसरी_घंटा: त्या ओळींच्या वर ‘प्रभूची इच्छा असल्यास’ छापा. नव्या करारातलं याकोबाचं पत्र, ४:१५. तळाला बारीक टायपात नको.