आधी दोरी ओढणं थांबवा
चार वर्षं पडून असलेली चेनसॉ (लाकूड कापायची इंजिनवाली करवत) दोरी ओढून ओढून चालू होईना म्हणताय, तर आधी टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाका. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं, कार्बोरेटरात चिकटा बसतो. आमच्या खानापूरच्या पावसात तर बोलायलाच नको. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून आत टू-स्ट्रोक ऑइलचे चार थेंब सोडा आणि पिस्टन मोकळा हलतो का बघा. माझ्या मशीनचा दोष शेवटी कार्बोरेटरच्या डायफ्राममध्ये (आतल्या पातळ लवचिक पडद्यात) निघाला, वाळून पापडासारखा कडक! डायफ्रामचं किट आणि पेट्रोलची नळी बदलली, ताज्या पेट्रोलात लिटरला 20 मिली ऑइल घातलं (तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघा), चौथ्या ओढीला धरली. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते हो. घाईत मी त्यातच पेट्रोल ओतलं होतं.