मदत हवी आहे : १९७१ मधली आयएनएस राजपूत

कोल्हापुरात ४ डिसेंबरच्या नौदल दिनासाठी शाळेत फलक आणि १:३५० मापाची प्रतिकृती करतोय. विषय : विनाशिका राजपूत, तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग आणि विशाखापट्टणमसमोर बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी.

नेटवर 'राजपूत' शोधलं की १९८० ची रशियन बनावटीची, डी ५१ क्रमांकाची राजपूत समोर येते. ती नको! आपली जुनी डी १४१, म्हणजे १९४२ ची ब्रिटिश रॉदरहॅम, १९४९ मध्ये आपल्याकडे आली. लांबी सुमारे १०९ मीटर, म्हणजे प्रतिकृती ३१ सेंटिमीटरची. मूळ शस्त्रं ४.७ इंची चार तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या. १९७१ पर्यंत त्यातलं काय उरलं होतं? त्या काळातला मागच्या डेकचा फोटो असेल तर सोनंच.

दुसरा प्रश्न डेप्थ चार्जचा, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या, ठरवलेल्या खोलीवर फुटणाऱ्या बॉम्बचा. राजपूतच्या डेप्थ चार्जमुळेच गाझी बुडाली, असं आपल्याकडे सांगतात. दुसऱ्या महायुद्धातला साधा चार्ज सेकंदाला साधारण ३ मीटर बुडतो. १५ मीटरवर फुटायला लावला तर हातात जेमतेम ५ सेकंद. १८ नॉट वेगानं जहाज तेवढ्यात ४६ मीटर पुढे जातं. त्याहून हळू असेल तर आपल्याच शेपटाला दणका. म्हणून गाझी बुडाली त्या रात्रीचा राजपूतचा वेग आणि चार्जला लावलेली खोली, दोन्ही हवेत. पाकिस्तान आतल्याच स्फोटाचं कारण देतो, तीही बाजू फलकावर असेल.

गडहिंग्लज, कागल, सैनिक टाकळीकडचे कुणी माजी नौसैनिक, विशेषतः गनरी (तोफा) किंवा पाणबुडीविरोधी शाखेचे, ओळखीचे असतील तर त्यांना विचाराल का?