कृष्णकमळाच्या कळ्या उमलण्याआधीच गळत आहेत. छाटणी नेमकी केव्हा करावी?

नमस्कार. पुण्यात आमच्या गच्चीवर एका मोठ्या कुंडीत निळ्या-जांभळ्या कृष्णकमळाची वेल आहे. कठड्याची जाळी पुरेनाशी झाल्यावर तिने शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची दोरीही धरली आहे, त्यामुळे वाढीबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती फुलांची. आषाढ लागला की कळ्या दिसू लागतात, पण वाटाण्यापेक्षा थोड्या मोठ्या होताच त्यांचा देठ पिवळा पडतो आणि हात लागला तरी त्या गळून पडतात. कौरव-पांडव, म्हणजे पूर्ण उमललेले फूल, पाहायला मिळते ते अगदी क्वचित.

या वेलीला फूल नव्या फुटव्यावरच, पानाच्या बेचक्यात तणाव्याशेजारी येते आणि ते जेमतेम एक दिवस टिकते. म्हणजे नवी वाढ चालू राहिली तरच बहर लांबतो, एवढे मला ठाऊक आहे. मोठा दिवस आणि भरपूर ऊन मिळाले की कळ्या धरतात, थंडीत वेल मंदावते, हेही लक्षात आले आहे. म्हणूनच छाटणीबाबत गोंधळ आहे. बहर संपल्यावर कार्तिकात छाटले तर कोवळे फुटवे थंडीत नुसतेच अडकून राहतील असे वाटते. उलट वैशाख-ज्येष्ठात कात्री लावली तर कळ्या धरणारे शेंडेच जातील. थंडी ओसरताना, माघ-फाल्गुनात छाटणे योग्य ठरेल का, आणि जुन्या जाड फांद्या किती ठेवाव्यात?

कळीगळीची मला दोन कारणे संभवतात. पश्चिमेला नवी इमारत उभी राहिल्याने दुपारनंतर ऊन मिळत नाही, आणि पावसाने उघडीप दिली की कुंडीतली माती लवकर सुकते. शेणखत आणि निंबोळी पेंड नियमित घालतो. नत्र जास्त होऊन वेल नुसतीच पानांवर गेली असेल, तर पेंड थांबवून पालाशासाठी लाकडाची राख द्यावी का?

पानांवर अधूनमधून तांबूस, काटेरी सुरवंट असतात. काळे ठिपके असलेल्या नारिंगी फुलपाखरांची ती पिल्ले असल्याने मी त्यांना हात लावत नाही, आणि ती कळ्यांना तोंड लावताना दिसलेली नाहीत.

वेल जमिनीत लावण्याची सोय नाही. तेव्हा कुंडीतच बहर टिकवलेल्यांनी छाटणीचा महिना, कुंडीचा आकार आणि पावसाळ्यातील पाण्याचे प्रमाण कृपया सविस्तर कळवावे.