पाइपातली नावं आरएमपर्यंत पोचवताना

लिनक्सच्या टर्मिनलवर फाइंडची, म्हणजे फाइली शोधणाऱ्या कमांडची, यादी पाइपाने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या ‘|’ या चिन्हाने) आरएमला, म्हणजे फाइली पुसणाऱ्या कमांडला, दिली तरी ‘ऑपरंड नाही’ (कशावर काम करायचं ते दिलेलं नाही) अशी एरर येते, असं तुम्ही म्हणालात. आरएम पाइपातलं वाचतच नाही, त्याला नावं कमांडच्या ओळीतच लागतात. ती तिथे नेऊन ठेवतो एक्सआर्ग्ज.

पण नुसता एक्सआर्ग्ज लावू नका! तो स्पेस दिसली की नाव तोडतो. परळच्या ऑफिसात मी ‘दादर जुनी’ ही फाइल काढायला गेले आणि शेजारची ‘दादर’ उडाली. महिन्याभराच्या नोंदी होत्या त्यात. म्हणून फाइंडला ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्जला ‘-०’ द्याच. मग नावं शून्य बाइटवर (शून्य किमतीच्या, न दिसणाऱ्या खुणेवर) तुटतात, आणि तो बाइट फाइलच्या नावात येऊच शकत नाही. आधी आरएमच्या जागी एको (दिलेलं नुसतं पडद्यावर दाखवणारी कमांड) घालून यादी डोळ्यांखालून घाला.