मदत हवी आहे: दिवाळखोर कंपनीच्या प्रदूषणाची जबाबदारी शेवटी कोणाच्या माथी?

मंडळी, अमेरिकेतल्या असार्को या खाण आणि धातू गाळणाऱ्या जुन्या (१८९९ च्या) कंपनीचं प्रकरण वाचतोय आणि एका जागी अडलोय. दिवाळखोरी कायद्यातल्या जाणकारांनी मदत करावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेक्सासमधल्या एल पासोच्या भट्टीतून १९६९ ते १९७१ या तीनच वर्षांत हजार टनांहून जास्त शिसं हवेत गेलं. भट्टीला लागूनच कामगारांची वस्ती होती, स्मेल्टरटाउन. तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं आणि शेवटी वस्तीच उठवली. भट्टी चालू राहिली! वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाच्या भट्टीचं आर्सेनिक आणि शिसं तर सुमारे हजार चौरस मैलांवर पसरलं.

१९८० च्या सुपरफंड कायद्यानुसार (विषारी जागांच्या सफाईचा अमेरिकी कायदा) जुनी घाणही ज्याने केली त्यानेच निस्तरायची. इथवर ठीक. पण १९९९ मध्ये ग्रुपो मेक्सिकोने असार्को विकत घेतली. २००३ मध्ये तिच्याकडचा सगळ्यात मोलाचा ऐवज, म्हणजे सदर्न पेरू कॉपरचे समभाग, समूहातल्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवले आणि २००५ मध्ये असार्कोने दिवाळखोरी जाहीर केली. न्यायालयाने हा व्यवहार धनकोंना फसवणारा ठरवला. मग २००९ च्या अखेरीस १९ राज्यांतल्या ८० हून जास्त ठिकाणांसाठी १.७९ अब्ज डॉलर भरले गेले आणि कंपनी पुन्हा ग्रुपो मेक्सिकोच्याच ताब्यात गेली. मला तरी हा सौदा त्यांना स्वस्तात पडला असं वाटतं.

आता माझी अडचण. यातल्या बऱ्याच जागा विश्वस्तांकडे ठरावीक रक्कम देऊन सोपवल्या. एल पासोच्या वाट्याला ५.२ कोटी डॉलर आले. ही रक्कम अपुरी पडली तर पुढचा खर्च कोण करणार? एरवीच्या सुपरफंड तडजोडीत, नंतर काही नवं निघालं तर सरकार पुन्हा कंपनीकडे जाऊ शकतं, असं कलम सहसा असतं. दिवाळखोरीतल्या तडजोडीतही ते टिकतं, की एकदा पैसे भरले की कंपनी कायमची मोकळी?

जोडीला एक उपप्रश्न. मोंटानातल्या ॲनाकोंडा भट्टीच्या (ही दुसऱ्या कंपनीची) खटल्यात २०२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्यांच्या जमिनीत विष पडलं ते जमीनमालकही कायद्याच्या भाषेत 'संभाव्य जबाबदार पक्ष', त्यामुळे सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) ठरवलेल्यापेक्षा स्वतःच्या जमिनीची जास्त सफाई करायची तर तिची परवानगी हवी. मग नेब्रास्कातल्या ओमाहासारख्या शहरात, जिथे घरांच्या अंगणातच शिसं आहे, तिथल्या घरमालकालाही हेच लागू होतं का?

निकालपत्र इंग्रजीत असलं तरी चालेल, फक्त नेमका परिच्छेद किंवा कलम सांगा.