आई-बाबा लीड्सला येत आहेत, बेताने फिरवायचं आहे : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी लीड्सला एमएससी करते आहे. जूनच्या उत्तरार्धात आई-बाबा मिरजेहून माझ्याकडे येत आहेत. दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास. व्हिसा हातात आला आहे, तिकिटंही झाली आहेत, आखातात विमान बदलून थेट मँचेस्टर. आता इथे आल्यावर कुठे जायचं, किती फिरायचं आणि कसं, हे ठरत नाहीये. इथल्या बऱ्याच जणांनी आपल्या आई-वडिलांना इंग्लंड दाखवलं असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ६३ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी मिरज-कुर्डुवाडी नॅरोगेजवर काढली, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइटवर. आई ५८ ची. तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास नीट चालते, जिने उतरताना मात्र त्रास होतो. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिला मधुमेह आहे, त्यामुळे जेवणाची वेळ चुकवून चालत नाही.

नातेवाईक सांगतात की एवढ्या लांब जाताय तर पॅरिस, स्वित्झर्लंडही उरकून घ्या. मला ते नको आहे. त्याचा व्हिसा वेगळा, खर्च वेगळा, आणि बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये बसा असल्या फिरण्यात आईचे हाल होतील. त्यापेक्षा मी राहते ते गाव त्यांनी निवांत बघावं. मी कोथिंबीर आणि मिरच्या आणते ते कर्कगेट मार्केट बघावं. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात १८८४ मध्ये याच बाजारातल्या एका छोट्या ठेल्यावर झाली. संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा सावकाश बाहेर पडता येईल. मुलगी इथे कशी राहते ते एकदा डोळ्यांनी दिसलं की आईचा जीव भांड्यात पडेल, आणि माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

बाबांसाठी मात्र मनात बरंच काही आहे. बार्शी लाइटची पहिली इंजिनं याच लीड्समध्ये, किटसन कंपनीच्या कारखान्यात तयार झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरने ती रेल्वे उभी केली, आणि १८९७ मध्ये ती सुरू होण्याआधी तिच्या गाड्यांची चाचणी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून घेतली होती. बाबांनी ज्या रेल्वेवर उमेदीची वर्षं घालवली तिचं माहेर माझ्या खोलीपासून बसच्या अंतरावर आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, इथे आल्यावरच सांगणार आहे.

ढोबळ बेत असा आहे. लीड्सला मुक्काम ठेवायचा आणि इथूनच ये-जा करायची. यॉर्क जवळच आहे, गाडीने जेमतेम अर्धा तास. तिथलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय स्टेशनच्या मागेच आहे आणि प्रवेश फुकट आहे. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा, वाफेच्या इंजिनाचा विक्रम करणारं ‘मॅलार्ड’ तिथे उभं आहे. एक दिवस सेटल-कार्लाइल मार्गावरच्या गाडीने जायचं, म्हणजे आईला बसल्या जागी डोंगर बघता येतील. मग एडिंबरा आणि शेवटी लंडन.

अडचणी आता लिहिते.

माझा प्रबंध याच काळात चालू असेल. आठवड्यातले दोन-तीन दिवस मला प्रयोगशाळेत जावंच लागेल. त्या दिवशी दोघांनी स्वतःहून सहज जाऊन यावं असं काय आहे? बाबांना इंग्रजी वाचता येतं, स्टेशनवरचे फलक तर ते माझ्यापेक्षा चांगले वाचतील. पण इथल्या लोकांचे उच्चार पटकन कळतील असं वाटत नाही.

एडिंबरा की लेक डिस्ट्रिक्ट (इथला तळ्या-डोंगरांचा भाग), आईच्या गुडघ्यांचा विचार करता काय बरं? दोन्ही केलं तर धावपळ होईल अशी भीती वाटते.

लंडनमध्ये किती दिवस? मेट्रोच्या जिन्यांची मला काळजी आहे. आणि बाबांना लोकमान्य टिळक आणि बाबासाहेब आंबेडकर यांची राहती घरं बघायची आहेत, ती कुठे आहेत?

तिकिटांचं गणितही नीट कळलेलं नाही. मी विद्यार्थी, बाबा साठीच्या पुढचे, आई साठीच्या आतली. तिघांना मिळून स्वस्त काय पडेल?

राहण्याचंही सुचवा. माझ्या खोलीत त्यांना एवढे दिवस ठेवता येणार नाही. स्वयंपाकघर असलेली जागा हवी, कारण आईला रोज बाहेरचं चालणार नाही.

प्रतिसाद १

तिकिटांचं सांगतो. तिघं मिळून जाल तेव्हा ‘ग्रुपसेव्ह’ बघा. तीन ते नऊ प्रौढ एकत्र असतील तर गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट मिळते, त्यासाठी कार्ड काढावं लागत नाही. सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांना ती लागू नाही, तिकीट काढताना दिसेलच. आई-बाबा दोघंच जाणार असतील तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड, म्हणजे दोघांनी एकत्र प्रवास करताना सूट देणारं कार्ड, काढून द्या. दोघांचे फोटो लागतात, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. लंडन आणि एडिंबरासाठी ठरावीक गाडीचं ॲडव्हान्स तिकीट लवकर काढा. साधारण १२ आठवडे आधी ती खुली होतात, आणि तारीख जवळ येईल तसे दर चढत जातात.

स्टेशनवर ‘पॅसेंजर असिस्ट’ नावाची मोफत मदत असते. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत नोंदवली तरी चालते. माणूस येऊन गाडीत बसवून देतो, रॅम्प किंवा व्हीलचेअर लागली तर आणतो. आईंना व्हीलचेअरचा संकोच वाटेल, माझ्या आईलाही वाटला होता. पण मोठ्या स्टेशनवर फलाट बदलायचा असेल तर नक्की घ्या. विमानतळावर तर घ्याच, आणि त्यासाठी विमान कंपनीला आधी कळवून ठेवा.

प्रतिसाद २

आम्ही एडिंबरात राहतो. माझं मत एडिंबराच्या बाजूने, पण ऑगस्टआधी. ऑगस्टमध्ये महोत्सव असतो, राहायच्या जागा परवडत नाहीत. जून उत्तम.

लीड्सहून येताना गाडीत उजव्या हाताच्या खिडक्या मिळतील असं बघ. न्यूकॅसल सोडल्यावर समुद्र त्याच बाजूला येतो, आणि बेरिकला गाडी रॉयल बॉर्डर ब्रिजवरून जाते. दगडी २८ कमानी, १८५० चा पूल. वेव्हर्ली स्टेशन खोलगट भागात आहे, पण प्रिन्सेस स्ट्रीटकडे वर यायला सरकते जिने आहेत, चढत बसू नका. किल्ला टेकडीवर आहे. चालायला त्रास असेल तर आत वर नेणारी गाडी असते, दारातच विचारायचं. स्कॉटलंडचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे आणि लिफ्टने थेट गच्चीवर जाता येतं. तिथून सगळं शहर दिसतं, आईंना कुठे चढायलाच नको.

आणि बाबांना फोर्थ ब्रिज दाखवल्याशिवाय परत नेऊ नकोस! १८९० चा पोलादी पूल, अडीच किलोमीटर लांब, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत. वेव्हर्लीहून नॉर्थ क्वीन्सफेरीची गाडी पकडली की वीसेक मिनिटांत त्या पुलावरूनच पलीकडे जाता येतं. पूल खालून बघायचा असेल तर मात्र स्टेशनपासून किनाऱ्यापर्यंत चांगलाच उतार आहे, आणि उतरणंच आईंना जड जातं ना? मग अलीकडे साउथ क्वीन्सफेरीला बसने जा. तिथे पाण्याच्या काठी बसून पुलावरून जाणाऱ्या गाड्या मोजता येतात. माझ्या सासऱ्यांची अख्खी दुपार तिथे गेली, शेवटी आम्हालाच त्यांना उठवावं लागलं.

प्रतिसाद ३

लंडनला चार रात्री पुरेत. मेट्रोचा हट्ट धरू नका. बहुतेक स्टेशनांना पायऱ्या आहेतच, आणि खालून काही दिसतही नाही. बसमध्ये चढायला पायरी नसते. १५ नंबरची बस टॉवर ऑफ लंडनहून सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट करत ट्रॅफल्गर स्क्वेअरला जाते. वरच्या मजल्याचा जिना आईंना झेपत नसेल तर खालच्या खिडकीतूनही छान दिसतं. प्रत्येकाकडे स्वतःचं कार्ड हवं, एकाच कार्डावर तिघांचं भाडं घेत नाहीत.

टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते घर मेडा व्हेल भागात, १० हॉवली प्लेस. बाहेर निळी पाटी आहे. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. जवळच लिटल व्हेनिसचा कालवा आहे, काठाचा रस्ता सपाट आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड. ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. जायच्या दिवशी उघडं आहे का ते आधी पाहा. दोन्ही घरं एका दिवसात आरामात होतात.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वाघनखं शोधू नका, ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात पाठवली, आधी साताऱ्याला होती. आणि किंग्ज क्रॉसला उतरल्यावर शेजारच्या सेंट पँक्रासची इमारत बाबांना नीट दाखवा. तिथलं हॉटेल बांधणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला.

प्रतिसाद ४

तू कामावर असशील त्या दिवसांसाठी कर्कस्टॉल ॲबी सुचवते. ११५२ मधल्या मठाचे अवशेष, नदीकाठी, मोठं मोकळं मैदान, गावातून थेट बस. आम्ही लीड्सला होतो तेव्हा माझे आई-वडील डबा घेऊन तिथेच जाऊन बसायचे. बाबांसाठी लीड्समध्येच मिडलटन रेल्वे आहे. १७५८ च्या कायद्याने सुरू झालेली, १८१२ पासून तिथे वाफेची इंजिनं धावली. आता हौशी स्वयंसेवक ती चालवतात, बहुधा शनिवार-रविवारी. तिथे बाबांना एकटं सोडलंस तरी चालेल, रेल्वेवाल्यांना रेल्वेवाले बरोबर ओळखतात.

जागेचं म्हणशील तर उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहं पाहुण्यांना भाड्याने देतात, लंडनमध्येही. काहींना सामायिक स्वयंपाकघर असतं. लीड्सला मात्र एका खोलीचा फ्लॅटच घे.

आईंना दोन गोष्टी आत्ताच फोनवर सांग. तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काही सामानात नको, भारतातून आणायला बंदी आहे. मेतकूट, चटण्या, भाजणी चालेल. दुसरं, आपल्यासारखा हिरवा ठिपका इथे पाकिटावर नसतो. ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं, म्हणून ‘व्हीगन’ शिक्का बघायचा. बाहेर कुठेही अडलं तर भाजलेला बटाटा आणि बीन्स मिळतातच. आणि प्रवासविमा मधुमेह स्पष्ट नोंदवूनच काढा, पर्यटकाला इथे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर खर्च फार येतो.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एडिंबरा पक्कं केलं, लेक डिस्ट्रिक्ट सोडलं. साउथ क्वीन्सफेरीला पूर्ण दुपार ठेवते. मेतकूट-भाजणीचं आईला कळवलं, तुपाचं ऐकून ती जरा हिरमुसली. फ्लॅट बघायला लागले आहे.

एकच प्रश्न उरला आहे. सेटल-कार्लाइलवर रिबलहेडचा २४ कमानींचा पूल गाडीतून जाताना नीट दिसत नाही, त्यासाठी रिबलहेड स्टेशनला उतरून थोडं चालावं लागतं असं वाचलं. ती वाट आईला जमेल अशी आहे का, की बाबांना तिथे उतरवून आम्ही दोघींनी पुढे कार्लाइलला जावं आणि येताना त्यांना घ्यावं? दोन गाड्यांमध्ये बराच वेळ असतो, म्हणून स्टेशनजवळ बसायला आडोसा आणि चहाची सोय आहे का, तेही कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.