तुमच्या घरातला केमिस्ट : आठवणी सांगा

उत्तरेची खिडकी
काल सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाडी पंक्चर झाली म्हणून थांबले आणि वाऱ्याबरोबर तो वास आला. हायड्रोस आणि कॉस्टिक सोड्याचा, सूत रंगवायला लागणारी रसायनं. बाबा घरी आले की शर्टाला यायचा तोच. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. रस्त्यातच रडू आलं.

बाबा बीएस्सी केमिस्ट्री, सूत रंगवायच्या कारखान्यात केमिस्ट. कामगार मास्तर म्हणायचे. सहावीत असताना एकदा मला सोबत नेलं होतं. टाकीत गडद निळं पाणी, त्यातून काढलेली लडीही निळी. "आता बघ" म्हणाले. पिळून हवेत धरली आणि डोळ्यांदेखत पिवळी झाली! व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक आणि हायड्रोसने त्याला विरघळवायचं, धाग्यात शिरू द्यायचं, मग हवा लागली की तो मूळ रूपात येऊन आतच अडकतो. म्हणून चादर धोपटून धुतली तरी रंग सुटत नाही. हे सगळं कॉलेजात कळलं. त्या दिवशी फक्त बाबा जादूगार वाटले.

शेड जुळवायला ते कायम उत्तरेच्या खिडकीत उभे राहायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड दिवसाच्या उजेडात वेगळी निघते. साडी घेतानाही दुकानाबाहेर नेऊन बघायचे, आई वैतागायची.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, खूप आनंद झाला. पण रंग बसवणाऱ्या माणसांबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर लिहा ना.

शेंगाचटणी
आमचे नायना, म्हणजे वडील, पण डाइंगलाच. रिअॅक्टिव्ह रंग. मिठाची पोतीच्या पोती लागायची, मिठानं रंग धाग्याकडं ढकलला जातो, मग सोडा टाकला की पक्का. त्यांचं एकच, "आधी पाणी बघा". बोअरचं जड पाणी आलं की शेडला डाग. बोलणी मात्र केमिस्टनं खायची. कुकर लागलाय, नंतर लिहिते

रात्रपाळी
साखरेतला केमिस्ट चालेल का? 31 सीझन केले. दर तासाला रसाचं ब्रिक्स (विरघळलेलं सगळं किती), पोल (त्यात साखर किती), पीएच. चुना आणि सल्फरचा गॅस देऊन रस साफ करायचा, साफ रसाचा पीएच सातच्या आसपास धरायचा. खाली गेला की साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, ती परत दाणा धरत नाही. पहाटे चारला झोप अनावर व्हायची पण डुलकी लागली तर कुणाच्या तरी उसाची साखर मळीत जाणार, हे डोक्यात असायचं. शेतकऱ्याचाच मुलगा मी.

सीझन संपला की रिटेन्शनवर, म्हणजे बंद काळातल्या अर्धवट पगारावर, घर चालवायचं. एका कारखान्यात सात महिने पगार नव्हता, बायकोनं शिवणकाम करून ओढलं. तिचे उपकार फिटणार नाहीत.

गड्ड्याला चला
@रात्रपाळी काका दंडवत 🙏 आमच्या घरी अजून आजीच्या लग्नातली चादर आहे, मोराची. कडा फाटल्यात, रंग तसाच. आज आईला हा धागा वाचून दाखवला तर ती लगेच चादर काढून बसली.

चिंचोळीची बस
मी औषध कंपनीत क्यूसीला. लग्नाच्या वेळी प्रत्येक स्थळाला सांगायचं, केमिस्ट म्हणजे मेडिकल दुकान नाही हो! सासूबाई तर दोन वर्षं शेजाऱ्यांसाठी क्रोसिन मागायच्या 😄 आता त्याच सांगतात, सून गोळी तपासते म्हणून. बाळ आठ महिन्यांचं असताना ऑडिट होतं, घरी यायला रात्रीचे अकरा. त्यांनीच सांभाळलं.

शेंगाचटणी
@चिंचोळीची बस अगं आमच्याकडं पण सेम!! जेवणं झाली, आता लिहिते. एका पावसाळ्यात पत्रा गळून हायड्रोसचा डबा ओला झाला, धूर सुटला. ओलावा लागला की आपोआप तापतं ते, पेट घेतं. नायना आणि एक हेल्पर तोंडाला फडकं बांधून डबा ओढत मैदानात घेऊन गेले. घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला हेल्परच्या बायकोकडनं कळलं

साखर पेठ
एक लिहू का, जड आहे जरा. आमचे मोठे काका साठच्या दशकात उघड्या हातांनी रंगाची भुकटी तोलायचे. म्हातारपणी मूत्राशयाचा कॅन्सर. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, काम काय करत होता? नंतर मी वाचलं, फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जननं रंग कारखान्यातल्या कामगारांमधला हाच आजार 1895 मध्ये मांडला होता. 1895! काकांपर्यंत ते कुणी पोचवलंच नाही. हा कॅन्सर करणारे बेन्झिडीनवाले रंग आता बंद झाले, जर्मनीनं 1994 मध्ये घातक अझो रंगांवर बंदी घातल्यावर टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांना बदलावंच लागलं. काकांना उशीर झाला होता. जे आज डाइंगला आहेत त्यांनी कृपा करून हातमोजे आणि मास्क वापरा.

रात्रपाळी
@साखर पेठ वाचून गप्प झालो. आम्हीही शिशाचं सबअॅसिटेट रोज हाताळलं. पोल काढण्याआधी रस निवळायला लागायचं. जेवणाआधी साबणानं हात धुवा, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचो.

गड्ड्याला चला
भाचा बारावी सायन्सला आहे, रंगांमध्येच करायचं म्हणतो. कुठं पाठवू?

उत्तरेची खिडकी
@गड्ड्याला चला माटुंग्याला, जुनं यूडीसीटी, आता आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी). रंगरसायनाचं मोठं काम तिथं झालंय. बाबांचे एक सर तिथले. रंगरसायनाचे संशोधक वेंकटरामन यांचं नाव निघालं की ते कानाला हात लावायचे. तेच वेंकटरामन 1957 मध्ये पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक झाले. नाही जमलं तर इथंच बीएस्सी करू दे, बाबांनी तेच केलं.

@साखर पेठ तुमचं दोनदा वाचलं. बाबांच्या नखांचा निळा रंग कधी गेला नव्हता, आणि आम्ही बहिणी त्याला हसायचो.

आज ट्रंक उघडली. वही मिळाली, प्रत्येक पानावर धाग्याचा तुकडा चिकटवलेला आणि शेजारी प्रमाण. एका पानावर लिहिलंय, "पाऊस. हायड्रोस मरतो, थोडा जास्त घेणे."

शेंगाचटणी
फोटो टाक गं त्या पानाचा. नायनांना दाखवते, ते जागेच आहेत